घरासाठी फरशीची निवड : भार, पाणी आणि वापर

घराच्या भिंतींचा रंग मनात आल्यास आठवड्याभरात बदलता येतो, पडदे आणि सामानसुमान तर त्याहूनही सहज बदलते. फरशी मात्र एकदा बसली की ती काढण्यासाठी घर रिकामे करावे लागते, दारांपासून न्हाणीघराच्या उंबऱ्यापर्यंतच्या सर्व पातळ्या नव्याने जुळवाव्या लागतात आणि निघालेला राडारोडा वाहून नेण्याचा खर्च वेगळा येतो. इतका काळ टिकणारा हा निर्णय बहुतेक कुटुंबे दुकानातील झगमगाटात, भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या नमुन्याकडे पाहून घेतात, आणि त्यात रंग व चकाकी यांनाच पहिला मान मिळतो. वास्तविक हा क्रम उलटा असावयास हवा. फरशीखाली काय आहे व ते किती भार पेलू शकते, त्या जागी पाण्याचा वावर किती आहे आणि तेथे कोणाचे पाय पडणार आहेत, या तीन प्रश्नांची उत्तरे घरातच मिळतात. त्या उत्तरांतून जे पर्याय शिल्लक राहतील, त्यांच्यातूनच रंगाची व नक्षीची निवड करावी. महाराष्ट्र आणि गोव्यातील हवामान, जमीन व घरबांधणीची पद्धत लक्षात घेऊन या दृष्टीने फरशीच्या प्रमुख साहित्याचा विचार येथे केला आहे.

फरशीखालचा थर

तळमजल्यावरील घर आणि इमारतीतील सदनिका यांचे प्रश्न भिन्न असतात. तळमजल्यावर फरशी जोत्यातील भरावावर, म्हणजे पायाच्या भिंतींमध्ये भरून चोपलेल्या मुरूम-मातीवर विसावलेली असते. हा भराव थराथराने पाणी मारून नीट ठोकला गेला नसेल, तर एक-दोन पावसाळ्यांत तो खचतो आणि वरची फरशी, ती कितीही महाग असली तरी, भिंतीच्या कडेने खाली बसते. मराठवाडा, विदर्भ आणि देशावरील काळ्या जमिनीत ही अडचण अधिक गंभीर होते, कारण ही माती ओली झाली की फुगते व वाळली की आकसते. अशा ठिकाणी जोत्यात तीच माती परत भरण्याऐवजी मुरूम भरणे आणि त्यावर दगडांची सोलिंग व काँक्रीटचा थर देणे आवश्यक ठरते. जमिनीतील ओलही याच वाटेने वर चढते. जुन्या घरात फरशीच्या सांध्यांमधून पांढरी भुकटी येत असेल, तर ते जमिनीतील क्षार पाण्याबरोबर वर येत असल्याचे लक्षण असते, आणि अशा वेळी ओल रोखणारा थर न देता केवळ फरशी बदलणे म्हणजे रोग तसाच ठेवून कपडे बदलण्यासारखे आहे.

सदनिकेत प्रश्न ओलीचा नसून भाराचा असतो. निवासी खोल्यांमध्ये माणसे व सामान यांच्यासाठी दर चौरस मीटरला साधारण २०० किलोग्रॅम इतका वापरभार भारतीय मानकानुसार स्लॅबच्या आराखड्यात गृहीत धरलेला असतो, आणि फरशीच्या थराचे वजन त्याहून वेगळे मोजलेले असते. आता १८ मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट दर चौरस मीटरला सुमारे ४८ किलोग्रॅम भरतो व त्याखालचा ५० मिलिमीटर जाडीचा सिमेंट-वाळूचा माल सुमारे १०० किलोग्रॅम. म्हणजे जुनी फरशी न काढता तिच्यावरच दगड बसवला, तर प्रत्येक चौरस मीटरवर दीडशे किलोग्रॅमच्या आसपास कायमचा भार वाढतो, जो कोणत्याही आराखड्यात धरलेला नसतो. जुन्या इमारतीत संरचना अभियंत्याला विचारल्याशिवाय हा मार्ग धरू नये. याउलट ८ ते १० मिलिमीटर जाडीची टाइल जुन्या, घट्ट बसलेल्या फरशीवर टाइल अ‍ॅडेसिव्हने, म्हणजे सिमेंटमध्ये चिकटपणा वाढवणारी रसायने मिसळून केलेल्या तयार मिश्रणाने चिकटवली, तर पंचवीस किलोग्रॅमच्या जवळपासच भार वाढतो. मात्र जुनी फरशी काठीने ठोकून पाहावी आणि जेथे पोकळ आवाज येईल तेवढी ती काढून टाकावी.

फरशीवर फरशी बसवताना आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती म्हणजे पातळी. खोलीची जमीन दीड सेंटीमीटरने वर आली की दारे खालून कापावी लागतात, हे गवंडी सांगतो. परंतु सज्जाची व न्हाणीघराची पातळी खोलीपेक्षा खाली राहावी हा नियम सांभाळण्यासाठी कोणती खोली उंच करायची व कोणती तशीच ठेवायची, हे काम सुरू होण्यापूर्वीच ठरवावे लागते. केवळ न्हाणीघरातच जुन्या लाद्यांवर नवी लादी चढवली आणि बाहेरची खोली तशीच राहिली, तर पहिल्याच अंघोळीला पाणी उंबरा ओलांडते.

पाणी, घसरण आणि पावसाळा

कोकणात व गोव्यात जूनच्या सुरुवातीला गुळगुळीत फरशीला पाणी सुटते, हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. अनेकदा तो जमिनीतील ओलीचा दोष समजून जलरोधक लेपांवर खर्च केला जातो. वास्तविक बहुतेक वेळा हे पाणी हवेतून येते. बाष्पाने भरलेल्या हवेला तिच्या दवबिंदूहून, म्हणजे ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते त्याहून, थंड पृष्ठभाग लागला की त्यावर थेंब जमतात, आणि जाड दगडी किंवा जमिनीला टेकलेली फरशी हवेइतक्या लवकर तापत नसल्यामुळे असा पृष्ठभाग पुरवते. शेणाने सारवलेली जमीन किंवा भाजक्या मातीच्या लाद्या ही ओल शोषून घेत असल्याने तेथे पाणी दिसत नाही. व्हिट्रिफाइड टाइल आणि पॉलिश केलेला ग्रॅनाइट ती शोषत नाहीत, म्हणून पाणी वर उभे राहते. ओल नेमकी कोठून येते हे ओळखण्याची सोपी पद्धत अशी की, कोरड्या फरशीवर प्लॅस्टिकचा एक तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून दोन दिवस ठेवावा. पाणी तुकड्याच्या वर जमले तर ते हवेतले, खाली जमले तर जमिनीतले. सांध्यांतून वर येणारी ओल टिपली जावी यासाठी हा तुकडा सांध्यावर येईल असा ठेवावा. पहिल्या प्रकारावर उपाय वायुवीजनाचा आणि खरबरीत पृष्ठभागाच्या निवडीचा आहे, दुसऱ्या प्रकारावर जमिनीखालील ओलरोधक थराचा.

घसरणीचा विचार याच्याशी जोडलेला आहे. टाइलच्या घसरणरोधासाठी आर ९ पासून आर १३ पर्यंतची एक श्रेणी युरोपातून रूढ झाली असून तिच्यात तेल लावलेल्या उतरत्या फळीवर बूट घातलेला माणूस किती कोनापर्यंत न घसरता चालू शकतो हे तपासलेले असते. आकडा जितका मोठा तितकी पकड अधिक. परंतु भारतीय घरात माणसे अनवाणी चालतात, आणि ओल्या अनवाणी पायांसाठी ए, बी व सी ही वेगळी श्रेणी आहे, ज्यात सी सर्वांत सुरक्षित मानली जाते. न्हाणीघरासाठी विक्रेत्याकडे ही दुसरी श्रेणी विचारावी, आणि ती त्याला सांगता आली नाही तर नमुन्यावर साबणाचे पाणी ओतून त्यावर अनवाणी पाय दाबून पाहावा. ज्या घरात साठीच्या पुढची माणसे आहेत, तेथे न्हाणीघर, मोरी, सज्जा आणि प्रवेशदारासमोरची जागा यांत चकचकीत फरशी वर्ज्यच समजावी. या बाबतीत सौंदर्याशी तडजोड करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. खरबरीत फरशी मळते व घासावी लागते हे खरे, पण म्हातारपणी मोडलेल्या खुब्याच्या हाडापुढे तो त्रास क्षुल्लक आहे. पृष्ठभागाइतकाच पाण्याचा ढाळही महत्त्वाचा असून न्हाणीघरात दर मीटरला एक ते दोन सेंटीमीटर उतार जाळीच्या दिशेने मिळाला पाहिजे. मोठ्या आकाराच्या टाइलला चारही बाजूंनी असा ढाळ देता येत नाही, म्हणून तेथे ३०० मिलिमीटर किंवा त्याहून लहान चौरस सोयीचे पडतात.

दगडी फरशी

महाराष्ट्राचा फार मोठा भाग काळ्या पाषाणाने, म्हणजे बेसॉल्टने व्यापलेला असूनही येथील वाड्यांतल्या व चाळींतल्या जमिनी शेजारच्या राज्यांतील दगडाच्या आहेत, यामागे भूशास्त्रीय कारण आहे. बेसॉल्ट हा लाव्हा थिजून बनलेला खडक असल्याने तो पातळ पापुद्र्यांत सुटत नाही; पायऱ्या, जोती, घाट आणि तटबंदी यांसाठी तो उत्तम, पण हातोडी-छिन्नीच्या काळात त्याच्या पातळ फरशा काढणे परवडणारे नव्हते. कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातला शहाबादचा दगड आणि आंध्र प्रदेशातील कडाप्पा हे मात्र पाण्याखाली थरांवर थर साचून तयार झालेले चुनखडक आहेत, त्यामुळे ते नैसर्गिक थरांवरच सुटतात. राजस्थानातील रामगंज मंडीच्या परिसरातून येणारा कोटा दगडही याच जातीचा.

शहाबादी फरशीला हल्ली गरिबाची फरशी म्हणून नाके मुरडली जातात, आणि हा तिच्यावरचा अन्याय आहे. तिची जाडी कमीजास्त असल्यामुळे ती सिमेंट-वाळूच्या जाड मालावरच बसवावी लागते व सांधे ठळक दिसतात हे मान्य करूनही, अंगण, ओसरी, धान्याची खोली, वाहनतळ आणि मागचा परसू यांसाठी तिच्याइतकी स्वस्त, थंड व पायाला पकड देणारी दुसरी फरशी मिळणे कठीण आहे. कोटा अधिक घट्ट व एकसंध असून निळसर-हिरव्या आणि तपकिरी छटांत मिळतो. बसवल्यानंतर यंत्राने घासून त्याला हवी तेवढी झिलई देता येते, आणि दहा-पंधरा वर्षांनी ती उतरली की पुन्हा घासून जवळजवळ नवी फरशी हाती येते. शाळा, दवाखाने आणि रेल्वे स्थानके यांनी तो वर्षानुवर्षे वापरला आहे, तो याच गुणामुळे. घरात त्याला आरशासारखी झिलई देण्याचा आग्रह मात्र धरू नये, कारण पाणी सांडले की तशी फरशी फार निसरडी होते; मध्यम घोटाई पुरेशी असते.

चुनखडकाच्या सर्व फरशांना एक समान मर्यादा आहे. त्यांचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट आम्लात विरघळतो, त्यामुळे लिंबू, चिंच, कोकम किंवा ताक सांडून तसेच राहिले तर झिलई उडून फिकट डाग पडतो, आणि न्हाणीघर स्वच्छ करण्याचे तीव्र आम्ल एकदा जरी वापरले तरी पृष्ठभाग कायमचा खरवडला जातो. संगमरवरही याच खनिजाचा बनलेला असल्याने त्याला हाच नियम अधिक काटेकोरपणे लागू होतो. खनिजांच्या कठीणपणासाठी मोह्‌स मापनश्रेणी वापरली जाते, जिच्यात सर्वांत मऊ शंखजिऱ्याला १ आणि हिऱ्याला १० अंक दिलेला आहे. संगमरवरातील कॅल्साइटचा अंक ३, तर रस्त्यावरून चपलेबरोबर येणाऱ्या वाळूतील क्वार्ट्‌झचा ७. संगमरवराची चकाकी दाराजवळ आधी जाते व पलंगाखाली टिकून राहते, याचे कारण हेच. मकराण्याचा संगमरवर घट्ट असल्याने बराच टिकतो. इटालियन म्हणून विकला जाणारा संगमरवर पुष्कळदा ठिसूळ असतो, त्याच्या पाठीला जाळी चिकटवलेली असते आणि तड्यांत राळ भरलेली असते, हे फरशी उलटी करून पाहिल्याशिवाय कळत नाही. पांढरा संगमरवर बसवताना खाली पांढरे सिमेंट वापरावे लागते, अन्यथा करड्या सिमेंटची छटा वर उमटते. स्वयंपाकघरात संगमरवर घालणे हा शुद्ध हौसेचा भाग असून ज्यांना हळदीचे व तेलाचे डाग चालतील त्यांनीच तो विचार करावा.

ग्रॅनाइट क्वार्ट्‌झ व फेल्डस्पार यांचा बनलेला असल्याने त्याचा अंक ६ ते ७ च्या दरम्यान राहतो आणि लिंबाने त्याचे काही बिघडत नाही. जिना, स्वयंपाकाचा ओटा, खिडकीची पाटी आणि वर्दळीची खोली यांसाठी तो निर्धोक आहे. फक्त जिन्याच्या पायरीच्या कडेला खाचा पाडून घ्याव्यात. दुकानात दोन काळे दगड समोर असतील आणि त्यांतला ग्रॅनाइट कोणता व कडाप्पा कोणता याची खात्री नसेल, तर तुकड्यावर लिंबाचे थेंब टाकून अर्धा तास थांबावे. पुसल्यावर फिकट डाग राहिला तर तो चुनखडक होय.

मोझॅक, कोबा आणि जुन्या लाद्या

सिमेंटच्या रंगीत लाद्या भट्टीत भाजलेल्या नसतात. वरचा रंगमिश्रित थर आणि खालचा साधा थर साच्यात घालून त्या यंत्राच्या दाबाखाली तयार केल्या जातात व पाण्यात मुरवल्या जातात. मुंबईत १९२२ साली स्थापन झालेल्या भारत टाइल्सने हे तंत्र स्वदेशीच्या काळात रुजवले, आणि त्यानंतरच्या अर्धशतकात मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांच्या जमिनी अशा लाद्यांनी व त्यांच्याच कुळातील मोझॅकने व्यापल्या. मोझॅकच्या वरच्या थरात सिमेंटबरोबर संगमरवराची खडी असते आणि बसवल्यावर ती घासली जाते. ज्यांच्या घरात अशी फरशी आहे आणि ती जागोजागी खचलेली नाही, त्यांनी ती उखडण्यापूर्वी एका खोलीत पॉलिश करून पाहावे. काळवंडलेला थर जाऊन मूळ रंग पुष्कळदा परत येतो, खर्च नव्या फरशीच्या अल्प भागाइतकाच होतो, आणि पातळी, दारे, भार यांपैकी कशालाही हात लागत नाही. जुने मोझॅक सरसकट फोडून टाकण्याची सध्याची पद्धत बव्हंशी अनाठायी आहे. पॉलिश करताना सिमेंटचा चिखल गटारवाहिनीत जाणार नाही याची दक्षता मात्र घ्यावी, कारण तो आत घट्ट होऊन बसतो.

सिमेंटचा कोबा, म्हणजे जागेवरच काँक्रीटचा थर ओतून व वर निव्वळ सिमेंट घोटून केलेली जमीन, हा पर्याय अलीकडे शहरी हौशींमध्ये पुन्हा आला आहे. सिमेंट सुकताना आकसत असल्याने त्याला तडे जाणारच. ते आपल्याला हवे तेथे जावेत यासाठी काचेच्या किंवा पितळेच्या पट्ट्या टाकून साधारण एकेक मीटरचे चौकोन पाडतात आणि निदान आठवडाभर पाणी मारतात. बारीक केसासारखे तडे ज्यांना खपत नाहीत त्यांनी कोब्याच्या वाटेला जाऊ नये.

सिरॅमिक आणि व्हिट्रिफाइड टाइल

आज बांधल्या जाणाऱ्या बहुसंख्य घरांत गुजरातमधील मोरबी परिसरातून येणाऱ्या टाइल बसवल्या जातात, आणि नावांचा सर्वाधिक गोंधळही येथेच आहे. या टाइलचे खरे वर्गीकरण त्या किती पाणी शोषतात यावर होते. आंतरराष्ट्रीय मानकात वजनाच्या ०.५ टक्का किंवा त्याहून कमी पाणी शोषणारी टाइल सर्वांत घट्ट गटात मोडते, तर १० टक्क्यांहून अधिक शोषणारी केवळ भिंतीसाठी योग्य समजली जाते. व्हिट्रिफाइड म्हणजे जिच्यातील माती व खनिजे अति उष्णतेने काचेसारखी एकजीव झाली आहेत अशी, पहिल्या गटातील टाइल. पेटीवर भारतीय मानक आयएस १५६२२ आणि गट नमूद आहे का हे पाहावे. भिंतीची टाइल स्वस्त मिळते म्हणून जमिनीवर वापरू नये. ती पहिल्या जड भांड्याला टिचते.

व्हिट्रिफाइडमध्येही प्रकार आहेत. डबल चार्ज टाइलमध्ये रंगाचा थर तीन-चार मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे नक्षीला मर्यादा पडतात पण झिजून खालचा रंग उघडा पडत नाही. ग्लेज्ड टाइलमध्ये छापील नक्षीवर काचेचा पातळ थर असतो. संगमरवर, लाकूड, अगदी शहाबादी फरशीचीही हुबेहूब नक्कल त्यात मिळते, परंतु कडेचा टवका उडाला की आतला फिका रंग दिसतो. फुल बॉडी टाइल आरपार एकाच रंगाची असून ती वाहनतळ व जिना यांसाठी योग्य आहे. ग्लेजची झीज सोसण्याची क्षमता पीईआय नावाच्या ० ते ५ अंकांच्या श्रेणीत सांगतात : शयनगृहाला ३ पुरतो, प्रवेशाच्या खोलीला व स्वयंपाकघराला ४ असावा. घरासाठी मॅट, म्हणजे चकाकी नसलेली टाइल घेण्याकडे कल ठेवावा, कारण गडद चकचकीत फरशीवर धूळ, पाण्याचे ठसे आणि ओरखडे दिवसभर दिसत राहतात.

आकाराबद्दलही भ्रम आहेत. मोठी टाइल लावली की खोली मोठी दिसते असे सांगितले जाते, पण ८०० गुणिले १६०० मिलिमीटरची टाइल दहा बाय दहाच्या खोलीत, आणि तीही जुन्या इमारतीतील गुण्यात नसलेल्या म्हणजे काटकोनात न बांधलेल्या खोलीत, कडेला निमुळते तुकडे निर्माण करते व मालाची नासाडी वाढवते. शिवाय इतक्या लांब टाइलला मधोमध किंचित बाक असतोच. दोन टाइल तोंडास तोंड लावून ठेवल्या की तो कळतो. सामान्य सदनिकेसाठी ६०० मिलिमीटरचा चौरस अजूनही सर्वांत समंजस आकार आहे.

लॅमिनेट नावाची लाकडी दिसणारी फरशी प्रत्यक्षात दाबलेल्या लाकूडभुशाच्या फळ्यांवर छापील थर देऊन केलेली असते. पाणी मुरले की ती कडेने फुगते, त्यामुळे किनारपट्टीवर आणि ओल्या पोच्याने रोज जमीन पुसणाऱ्या घरात ती टिकत नाही. दगडाची भुकटी व पीव्हीसी यांच्या पट्ट्या, ज्यांना बाजारात एसपीसी म्हणतात, पाण्याला भीत नाहीत, पातळ व हलक्या असतात आणि न तोडता काढता येतात. भाड्याच्या घराला किंवा घाईच्या कामाला त्या उपयुक्त आहेत. जुन्या वाड्यांतील सागवानी तक्तपोशी हा निराळाच विषय असून तिची दुरुस्ती जाणत्या सुताराकडूनच करून घ्यावी.

बसवण्याचे काम आणि खरेदी

उत्तम टाइल वाईट हाताने बसवली तर ती दोन वर्षांत पोकळ वाजू लागते. व्हिट्रिफाइड टाइल पाणी शोषत नसल्यामुळे सिमेंटची रबडी तिला धरून ठेवू शकत नाही. म्हणूनच आयएस १५४७७ या मानकाचे अ‍ॅडेसिव्ह दातेरी थापीने संपूर्ण पाठीवर पसरून वापरावे. चार कोपऱ्यांत व मध्ये मालाचे गोळे ठेवून टाइल दाबण्याची सवय अनेक कारागिरांना आहे, ती खपवून घेऊ नये. पहिल्याच दिवशी बसवलेली एक टाइल त्यांच्यासमोर उचलून पाठ तपासावी. काम किती मन लावून होणार आहे हे त्यावरून समजते.

सांध्यांशिवाय टाइल बसवून देण्याचे आश्वासन हा या व्यवसायातील सर्वांत महागडा मोह आहे. नव्या इमारतीचे काँक्रीट पुढली काही वर्षे आकसत राहते, टाइल मात्र उन्हाने व आर्द्रतेने किंचित प्रसरण पावते, आणि दोघांच्या ओढाताणीला वाव मिळाला नाही की एके दिवशी मोठा आवाज होऊन टाइलची ओळच्या ओळ तंबूसारखी वर उचलली जाते. दोन ते तीन मिलिमीटरचे सांधे स्पेसर, म्हणजे टाइलमधले अंतर राखणारे ठोकळे, लावून राखावेत, भिंतीलगत स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीखाली, पाच-सहा मिलिमीटरची फट मोकळी सोडावी आणि सांधे टाइलच्याच छटेच्या ग्राउटने, म्हणजे सांधे भरण्याच्या मिश्रणाने, भरावेत. स्वयंपाकघरात व न्हाणीघरात साध्या सिमेंट ग्राउटऐवजी इपॉक्सी ग्राउट वापरल्यास हळद व तेल त्यात मुरत नाही.

न्हाणीघरातील जुनी लादी फोडताना तिच्याखालचा जलरोधक थरही बहुधा निघतो. तो नव्याने देऊन, तळाशी पाणी कोंडून दोन दिवस ठेवून, खालच्या घराच्या छताला ओल येत नाही याची खात्री झाल्यावरच टाइल बसवाव्यात. गृहनिर्माण संस्थेला लेखी कळवणे आणि खालच्या रहिवाशाला आधी सांगणे हे त्यापुढच्या कटकटींच्या मानाने फार सोपे आहे.

मालाचा हिशेब एका उदाहरणाने स्पष्ट होईल. दहा बाय बारा फुटांची खोली १२० चौरस फूट भरते. कापण्यातील नासाडीसाठी दहा टक्के धरले की १३२ चौरस फूट माल लागतो. ६०० मिलिमीटरच्या चार टाइलची एक पेटी सुमारे साडेपंधरा चौरस फुटांची असते, म्हणून साडेआठ पेट्या होतात, आणि दार वगळून चार इंच उंचीच्या स्कर्टिंगसाठी आणखी जवळजवळ एक; म्हणजे दहा पेट्या घ्याव्या लागतात. तिरकस नक्षीत बसवायचे असल्यास नासाडी वाढते. दगडाचा भाव काही ठिकाणी ब्रासवर, म्हणजे १०० चौरस फुटांवर सांगतात व त्यात घासणे धरलेले असते किंवा नसते, हे लेखी घ्यावे. प्रत्येक पेटीवर छटेचा व उत्पादन गटाचा क्रमांक छापलेला असतो. तो सर्व पेट्यांवर एकच आहे हे माल उतरवून घेतानाच पाहावे, कारण एकदा बसल्यावर छटेची तक्रार कोणी ऐकत नाही. नमुना घरी नेऊन त्या खोलीत जमिनीवर आडवा ठेवून दिवसाच्या व रात्रीच्या उजेडात पाहावा, आणि तीन-चार पेट्यांतील टाइल शेजारी-शेजारी मांडून मगच गवंड्याला काम सुरू करू द्यावे.

हिशेबाच्या दहा पेट्यांवर अकरावी पेटी अवश्य घ्यावी. टाइलची नक्षी वर्षा-दोन वर्षांत बाजारातून जाते, आणि नळ दुरुस्तीसाठी फोडलेल्या दोन टाइलपायी संपूर्ण खोलीची फरशी बदलावी लागण्याचे प्रसंग अनेक घरांत येतात. ही पेटी कोरड्या जागी ठेवावी व तिच्यावरच ग्राउटचा रंगक्रमांक आणि काम करणाऱ्या कारागिराचा संपर्क लिहून ठेवावा.